गुडघ्याखालचा खुबूस

आमचे उस्ताद घोड्यावर बसायला शिकवायचे आणि स्वतः गाढवावर बसायचे.

गाढव साधं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. बहरीनचं पांढरं गाढव ते. उंच, धुतलेलं, शेपटीच्या टोकाला मेंदी लावलेलं आणि आपल्या कुळाची पुरेपूर जाणीव असलेलं. शुक्रवारी सकाळी आम्ही सहा-सात जण घोड्यांवर कण्हत-कुथत पुढे निघायचो आणि मागून उस्ताद यायचे. पाय जवळजवळ जमिनीला टेकलेले, डोक्याला मफलर, उजव्या हातात करक चहाचा कागदी ग्लास. चुनखडीच्या उतारावरून गाढव खाली यायचं, दगड घरंगळायचे आणि चहा ग्लासातच राहायचा. आम्ही त्याला सर्कस समजत होतो. धडा तोच आहे हे कळायला आमच्यातल्या हुशार लोकांना तीन महिने लागले आणि मला पाच.

ते मूळचे माण तालुक्यातले. घोडदळात नोकरी झाली, मग बावीस वर्षांपूर्वी कुणा शेखने विकत घेतलेल्या घोड्यांबरोबर त्यांना विमानात चढवलं. बहरीनला घोडे उतरले, हेही उतरले. शेखची हौस फिटली, घोडे इकडेतिकडे गेले, आणि हे जिदहफ्सच्या पुढच्या एका तबेल्यात शिकवायला राहिले. बायको गावाला, दर गुरुवारी फोन आणि दोन वर्षांनी रजा. अंगाने इतके काटकुळे की वाऱ्याच्या दिवशी आम्हालाच काळजी वाटायची. तबेल्यातले मोतद्दार त्यांना उस्ताद म्हणत, बहरीनी मालक उस्ताद म्हणत, म्हणून आम्हीही.

मी तिथे पोचले ती मुलीमुळे. इथल्या आयांना आपल्या पोरांनी काहीतरी वेगळं करावं असं फार वाटतं, आणि मग सगळ्यांची पोरं तेच वेगळं करत असतात. माझ्या मुलीने दोन शुक्रवार काढले. तिसऱ्या शुक्रवारी ती गाडीतून उतरेना. "मम्मा, इट स्मेल्स," म्हणाली. नाव वर्षभरासाठी घातलेलं, आणि घातलेलं नाव वाया जाऊ देणं रत्नागिरीच्या माणसाला जमत नाही. तेव्हा ती गाडीत मोबाइल बघत बसली आणि मी, वय बेचाळीस, मनाम्यातल्या एका ऑफिसात इमारतींचे सांगाडे काढणारी इंजिनिअर, तिचं हेल्मेट घालून उस्तादांसमोर उभी राहिले.

"काका, मला जमेल का?"

उस्तादांनी मला खालून वर पाहिलं. "ते घोड्याला इचारू. आन् काका म्हनू नगा, ताई. काका म्हनलं की मानूस लाडात येतंय. लाडात आलेलं मानूस पडतंय."

मी त्या दिवशी दोनदा पडले. लाडात न येता.

त्यांच्या शिकवण्यात पुस्तक नव्हतं, खुबूस होता. जिदहफ्सच्या बेकरीतून सकाळी गरम खुबूस आणायची पाळी दर आठवड्याला एकाची. त्या गोल रोट्या जरा निवल्या की प्रत्येकाच्या दोन्ही गुडघ्यांखाली, खोगीर आणि मांडी यांच्या मधे, एकेक सरकवली जाई. मग तासभर दगडधोंड्यांतून फिरायचं. खुबूस खाली पडला तर मांड सैल. खुबूसचा भुगा झाला तर मांड आवळलेली. शाबूत राहिला तर तोच तुमचा नाश्ता, घोड्याच्या घामाच्या वासासकट. माझ्या खुबूसांवर पहिले तीन महिने तबेल्यातल्या चिमण्या पोसल्या.

"गुडघ्यानं घोडं आवळू नगा," ते गाढवावरून ओरडायचे. "आवळलं की भिजलेल्या चिंचोक्यावानी सटकनार. वजन टाचंत सोडा. टाच खाली, नजर म्होरं, हात सैल. बाकीचं घोडं बघंल, त्येला चार पाय दिल्यात."

माणसाला दोनच आजार असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. एक, उतार दिसला की मागे रेलणं. दोन, भीती वाटली की लगाम ओढणं. पहिल्याने घोड्याच्या मागच्या पायांवर ओझं पडतं, दुसऱ्याने त्याचं डोकं अडकतं, आणि डोकं अडकलेल्या घोड्याला पायाखालचं दिसत नाही. मग दोघं मिळून पडतात आणि माणूस तक्रार घोड्याची करतो.

हे निदान ते सर्वत्र लावत. एकदा एक इंग्रजी फॉर्म भरून घ्यायला ते माझ्या ऑफिसात आले. काचेपलीकडे आमचे मोठे साहेब मीटिंग घेत होते. उस्ताद दहा मिनिटं रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून बघत राहिले. जाताना मला म्हणाले, "ते कोपऱ्यातलं सायेब उतारावर लगाम वढत्यात. पडतील." दोन महिन्यांत साहेबांच्या हातचे दोन प्रोजेक्ट गेले आणि पाठोपाठ साहेबही. मी त्याला योगायोगच म्हणते. पण तेव्हापासून मीटिंगमध्ये टेबलाखाली माझी टाच खाली असते.

आता हंटबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तबेल्याला जोडून एक क्लब होता आणि क्लब कोल्ह्याची शिकार करी. कोल्हा नव्हता. शिकारही नव्हती. पण लाल कोट होते, पितळी शिंग होतं आणि कुत्रे होते. त्यातले पाच खरेखुरे विलायती आणि उरलेले बहरीनचेच भटके, ज्यांना सारखे पट्टे बांधून खानदानी करून घेतलं होतं. कोल्ह्याच्या जागी एक पोतं असे. शफीकभाई, आमचा चाळिशीतला बांगलादेशी मोतद्दार, पहाटे ते पोतं चारचाकी मोटारसायकलला बांधून वाळवंटातून ओढत नेई, आणि त्याच्या वासावर कुत्रे, कुत्र्यांमागे आम्ही. पूर्वी म्हणे वासाचं तेल लंडनहून यायचं. ते यायचं बंद झाल्यावर क्लबने इथल्या बाजारातून, सूकमधून, मह्यावा आणला. मह्यावा म्हणजे माशांचा आंबवलेला खारट रस, इथले लोक खुबूसवर लावून खातात. तेव्हा बहरीनमधले सभ्य लोक दर जानेवारीत लाल कोट घालून कुणाच्या तरी नाश्त्याचा पाठलाग करत.

इंग्रज त्यात चारच उरले होते. बाकी भरणा आपल्या लोकांचा. पुण्याचे एक बँकवाले असे कोट घालून उभे राहत की इंग्रजांनाही जरा संकोच वाटावा. घोडा चालायला लागला की मात्र त्यांचा संकोच घोड्याला वाटे.

उस्तादांना हंटचं काही वाटत नसे, जमिनीचं वाटे. दक्षिणेकडच्या त्या वाळवंटाला वाळवंट म्हणायचं ते केवळ सोयीसाठी. वाळू कमी, दगड जास्त. मधेच घळ, मधेच बसकी टेकाडं. तंबूंचा मोसम असला की जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आणि विसरलेल्या. आडव्या गेलेल्या जुन्या तेलाच्या पाइपलाइनी, गुडघ्याएवढ्या उंच. आणि शेवटी सबखा, म्हणजे खाऱ्या चिखलावर आलेली पांढरी पोपडी. वरून भरभक्कम, खाली काहीच नाही. यातून जाताना उस्ताद रिकिबी दोन भोकं वर घ्यायला लावत. खोगिराला चिकटून बसायचं नाही आणि उभंही राहायचं नाही. अधांतरी, बूड दोन बोटं वर. चढावर आयाळ धरायची. उतारावर ताठ, न मागे न पुढे, आणि घोड्याने मान लांब केली की लगाम बोटांतून सुटू द्यायचा.

"आवो, लगाम धरून कुनी वाचलंय का?" ते म्हणत. "त्येचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात हाय, देवाच्या हातात न्हाई."

पण स्वतः कधी घोड्यावर नाहीत. क्लबातले बहुतेक लोक गेल्या दोन-तीन वर्षांत आलेले, त्यामुळे यावर बरीच चर्चा चाले. कुणी म्हणे, एकदा असा आपटला की घाबरला. कुणी म्हणे, सैन्यात हा स्वयंपाकी होता. बँकवाले तर शपथेवर सांगत. आणि मग नवा मॅनेजर आला.

मॅनेजर इंग्रज, उंच, अत्यंत सभ्य. त्याने आयुष्यात कुणाचंही नुकसान आवाज चढवून केलं नसेल. आल्या आल्या त्याने सगळ्यांच्या फायली काढल्या आणि उस्तादांच्या फायलीत सर्टिफिकेट सापडलं नाही. घोडदळातली एकोणीस वर्षं होती, पण ती हिंदीत होती. मॅनेजरने त्यांना ऑफिसात बोलावलं आणि मला दुभाषी म्हणून.

"यांना घोड्यावर बसता येतं याचा पुरावा काय?" त्याने विचारलं.

मी मराठीत सांगितलं. उस्तादांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्येला म्हनावं, म्या शिकवलेली मान्सं बघ."

मॅनेजरला ते पटलं, पण त्याच्या पद्धतीने. वार्षिक हंटमध्ये उस्तादांच्या एका तरी शिष्याने आखलेली वाट न पडता पुरी केली, तर क्लब अनुभवाच्या आधारावर सर्टिफिकेट देईल आणि व्हिसा पुढे जाईल. नाहीतर फेब्रुवारीअखेर व्हिसा संपतो, तो संपू देऊ. हे त्याने इतक्या मृदू स्वरात सांगितलं की भाषांतर करताना मलाच कठोर वाटायला लागलं.

"खलास म्हंजी," उस्ताद म्हणाले.

आखातात राहणाऱ्या माणसाला व्हिसा संपतो म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तरी मला वाटलं, बासष्ट वर्षांचा माणूस, गावी घर आहे, बायको वाट बघतेय, जाईनात का. तसं मी शफीकभाईला बोलूनही दाखवलं. त्याने हातातला खरारा खाली ठेवला आणि मला तबेल्याच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात नेलं.

तिथे एक करडी घोडी उभी होती. पाठ खचलेली, डोळ्यांच्या वर खड्डे, आणि डोळे पांढरे. "बुड्ढी अंधी है, दीदी," शफीकभाई म्हणाला. "उस्ताद के साथ उसी जहाज़ में आई थी. उस्ताद ने तनखा नहीं बढ़वाया, बोला ये कोना दे दो. उस्ताद गया तो मॅनेजर ये जगह खाली करेगा. सुई लगा देगा."

कागदावर तिचं एक मोठं अरबी नाव होतं. उस्ताद तिला म्हातारी म्हणत, ती चार वर्षांची असल्यापासून. तीन वर्षांपूर्वी ती पुरती आंधळी झाली आणि त्या दिवसापासून उस्ताद घोड्यावर बसले नव्हते. मी त्यांना सरळ विचारलं, का.

"एवडी वर्सं तिच्यावर बसलो," ते म्हणाले. "आता ती कोपऱ्यात हुबी, आन् म्या तिच्याम्होरनं दुसरीवर बसून जायाचं? डोळं गेल्यात तिचं, कान न्हाईत गेलं. टापा वळखती ती."

"आणि गाढवाच्या टापा?"

"गाढवाचं तिला काय वाटत न्हाई."

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

हंटचा शुक्रवार जवळ आला तसे उस्तादांचे शिष्य गळायला लागले. एकाची कंबर धरली, दोघांच्या मीटिंगा निघाल्या, आणि बँकवाल्यांनी जाहीर केलं की आपण मूळचे दुसऱ्याच उस्तादांचे. उरले मी. मॅनेजरने माझं नाव लिहून घेतलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दया होती, ती मी अजून विसरलेले नाही.

त्या सकाळी उस्तादांनी स्वतः माझ्या रिकिबी वर घेतल्या आणि दोन खुबूस पुढे केले.

"आज नको ना, उस्ताद. आज खरं आहे."

"आजच पायजेत."

मी खुबूस गुडघ्यांखाली घेतले. आणि आता माझी चूक सांगते. हंटनंतर क्लबचा नाश्ता असे, काकडीच्या सँडविचचा. काकडीच्या सँडविचवर कोकणातल्या बाईचा जीव तग धरत नाही, म्हणून मी खोगिराच्या पिशवीत तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी घेतली होती. चटणी लसणाची, भरपूर तेलातली, पहाटे परतलेली. स्टीलच्या डब्यात. झाकण जरा सैल होतं हे मला माहीत होतं. मी म्हटलं, काय होतंय.

शिंग वाजलं. कुत्रे पोत्याच्या वासावर सुटले. पहिली घळ नीट गेली, दुसरीही. तिसऱ्या घळीशी वारा फिरला आणि कुत्र्यांचा वास तुटला. ते गोल फिरले, हुंगत राहिले. मग पट्टेवाल्या भटक्यांपैकी एकाने नाक वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं. नीट सांगायचं तर माझ्या पिशवीकडे पाहिलं. चारपाचशे वर्षांची विलायती परंपरा एका बाजूला आणि रत्नागिरीचा जवळा एका बाजूला. कुत्र्यांनी फार वेळ घेतला नाही.

सतरा कुत्रे भुंकत अंगावर आल्यावर कुठलाही समजूतदार घोडा करील तेच माझ्या घोड्याने केलं. तो आखलेली वाट सोडून दक्षिणेला सुटला. त्याच्यामागे कुत्रे. कुत्र्यांमागे, कोल्हा सापडला असं समजून, लाल कोटांचा अख्खा क्लब. आणि सगळ्यांच्या मागे, नंतर कळलं, गाढव.

मी लगाम ओढला नाही. शूर होते म्हणून नाही. ओढला असता तर तो थांबलाही नसता आणि त्याला पुढचं दिसलंही नसतं. तंबूंच्या खुंट्या आल्या, त्याने त्या चुकवल्या. मी फक्त त्याच्यावर होते. मग टेकाडाचा उतार आला, इतका उभा की माझं अख्खं शरीर मागे रेलायला धडपडत होतं. टाच खाली सोडली. त्याने मान लांब केली, लगाम बोटांतून सरकू दिला. पुढे पाइपलाइन. मी आयाळ धरली आणि डोळे मिटायच्या बेतात होते, पण नजर म्होरं असं कुणीतरी इतके महिने कानात ओरडलेलं होतं. घोडा पलीकडे उतरला आणि मी त्याच्यावरच उतरले. सबख्याच्या कडेने त्याला आपणहून अक्कल सुचली आणि तो वळला. शेवटी एका तंबूसमोर, जिथे एक बहरीनी कुटुंब चहा पीत बसलं होतं, तो उभा राहिला. कुत्र्यांनी उड्या मारून पिशवी फाडली, डबा उघडला आणि चटणी संपवली. भाकऱ्या सोडल्या. तंबूतल्या आजीने हे सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "यल्ला, चाय."

मागे वळून पाहिलं तर वाळवंटभर लाल कोट सांडले होते. उतारावर चार, पाइपलाइनीशी पाच. बँकवाले एका खुंटीशी बसून होते. मॅनेजर सबख्यात कमरेपर्यंत उभा होता, अतिशय सभ्यपणे.

उस्ताद गाढवावरून उतरले, माझ्या गुडघ्याखाली हात घातला आणि दोन्ही खुबूस बाहेर काढले. डावा शाबूत. उजव्याची एक कड चुरलेली. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला.

"उजवा गुडगा जरा आवळताय," म्हणाले.

दुपारी क्लबात निकाल लागला. मॅनेजरने माझं मनापासून अभिनंदन केलं. अशी मांड क्लबात कित्येक वर्षांत पाहिली नाही, म्हणाला. परंतु अट आखलेली वाट पुरी करण्याची होती, आणि ती वाट मी तिसऱ्या घळीशी सोडली. शिवाय वासाच्या पदार्थांबाबत हेल्थ अँड सेफ्टीला वेगळा अहवाल द्यावा लागेल. मी भांडले. इंग्रजीत भांडले, मग मराठीत भांडले. मग बाहेर येऊन गाडीच्या आडोशाला रडले. एका माणसाचा व्हिसा आणि एका जनावराचा जीव, आणि मी तो डब्याच्या सैल झाकणावर घालवला होता. याची लाज मला आजही वाटते.

उस्ताद मागून आले. "त्यो काय म्हनला, पुरतं सांगा. शेवटी कायतरी म्हनला."

मी डोळे पुसले. "म्हणाला, उस्तादांनी स्वतः घोड्यावरून वाट पुरी केली तरी चालेल. पुढच्या शुक्रवारी. घोडा कोणताही."

"कोनताबी?"

"कोणताही."

"लिवून घ्या त्येच्याकडनं," उस्ताद म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी शफीकभाईने म्हातारीला खरारा केला आणि उस्तादांनी तिच्यावर खोगीर घातलं. तीन वर्षांनी. त्या वासाने तिचे कान उभे राहिले. बरेच लोक जमले होते, बँकवालेही, कारण दुसऱ्याची फजिती बघायला आपल्या लोकांना सुट्टीच्या दिवशीही उठवतं. मॅनेजर कागदावर सही करून बसलेला असल्यामुळे त्याला काही बोलता येईना. उस्तादांनी स्वतःच्या गुडघ्यांखाली दोन खुबूस सरकवले, करकचा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमी गाढवावर या."

मी गाढवावरून गेले. चहा पहिल्याच उतारावर माझ्या अंगावर सांडला.

आंधळ्या घोडीने दगडांतून कसं जावं? तिला खळगा दिसत नव्हता, खुंटी दिसत नव्हती. तिला फक्त पाठीवरचं पन्नास किलो वजन कळत होतं, आणि उस्ताद त्याच वजनाने तिच्याशी बोलत होते. उतार यायच्या आधी त्यांचं वजन टाचेत उतरे, आणि ती पाऊल आखूड करी. डावीकडे दगड असला की त्यांचा उजवा खांदा इतकासाच फिरे, इतकासाच, आणि ती उजवीकडून जाई. एकदा ती अडखळली, गुडघ्यावर आली. उस्तादांनी काहीच केलं नाही. लगाम सोडून दिला, आपण मधोमध राहिले, आणि तिला उठायला जेवढा वेळ हवा तेवढा दिला. ती उठली. पाइपलाइनीशी त्यांनी तिला थांबवलं. तिने नाकाने पाइप चाचपला, मग खुराने. "शुवय शुवय, म्हातारे," म्हणजे हळूहळू, एवढंच ते म्हणाले. तिने एक पाय पलीकडे ठेवला, मग दुसरा, मग मागचे दोन, एखादी म्हातारी बाई उंबरा ओलांडते तसे.

वाट पुरी व्हायला सव्वा तास लागला. माझ्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मुलगी मोबाइल आत ठेवून बाहेर येऊन उभी होती. "मम्मा, शी कान्ट सी?" तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, नाही. ती पुढे गेली आणि तिने म्हातारीच्या नाकावर हात ठेवला, वासाबिसासकट.

उस्ताद उतरले. दोन्ही खुबूस काढले. दोन्ही जसेच्या तसे, कड न मोडलेले. त्यांनी ते मॅनेजरला दाखवले नाहीत. दोन्ही म्हातारीला चारले.

मॅनेजरने डोक्यावरची टोपी काढली. थोडा वेळ तशीच हातात धरून उभा राहिला, आणि तेवढ्यापुरता तो मला आवडला. मग त्याने फाइल उघडली आणि फॉर्मवर भरायला घोडीचं वय विचारलं.

सर्टिफिकेट आलं. 'प्राथमिक पातळी' असं त्यावर लिहिलं होतं. उस्तादांनी ते गाढवाच्या जागेत भिंतीला लावलं आणि आठवड्याच्या आत गाढवाने ते खाल्लं. "त्येलाच गरज जास्त हुती," उस्ताद म्हणाले. व्हिसाला मात्र काही झालं नाही; शिक्का बसला, दोन वर्षांचा.

म्हातारी मे महिन्यात गेली. उन्हाळा नुकता तापायला लागला होता. सकाळी उस्ताद गेले तेव्हा ती आडवी होती आणि त्यांच्या पायांच्या आवाजाने तिने कान हलवला, एवढंच शफीकभाईने सांगितलं. सुई कुणी लावली नाही.

तिसऱ्या दिवशी उस्तादांनी राजीनामा दिला. मॅनेजर चक्रावला. त्याने मला फोन करून विचारलं की यांना काही गैरसमज तर झालेला नाही ना, व्हिसा चांगला वीस महिने शिल्लक आहे, आणि दुसऱ्या घोडीची व्यवस्था होऊ शकते. ऑफिसात ज्याला ज्याला मी हे सांगितलं त्याला पहिलं दुःख त्या वीस महिन्यांचं झालं. खोटं कशाला बोला, मलाही झालं.

विमानतळावर मीच सोडायला गेले. एक बॅग, आणि रुमालात जिदहफ्सचे चार खुबूस, बायकोला दाखवायला. गाढव शफीकभाईकडे दिलं होतं. दारापाशी मला राहवलं नाही.

"उस्ताद, एवढा जीव टाकून मिळवलात. त्या मॅनेजरपुढे, त्या बँकवाल्यापुढे. आणि असा टाकून निघालात? तुमचा व्हिसा—"

त्यांनी मफलर सारखा केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या चुरलेल्या खुबूसकडे पाहायचे.

"माजा कुटं हुता, ताई? व्हिसा म्हातारीचा हुता. नाव तेवडं माजं लिवलं हुतं."